परका डीएनए जिवाणूत नेमका कोणत्या वाटेने शिरला, हे कसं ठरवायचं?

सूक्ष्मतरंग

मांडणी अशी आहे. दाता स्ट्रेनच्या गुणसूत्रावर कॅनामायसिन-प्रतिकाराचा जीन. ग्राही स्ट्रेन स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा. दोन्ही एका नळीत रात्रभर वाढवून, दोन्ही औषधं असलेल्या प्लेटवर पसरले की ग्राहीच्या दर दहा लाख पेशींमागे एखादी कॉलनी उगवते. म्हणजे जीन हलला. पण तो फाजच्या, म्हणजे जिवाणूला लागण करणाऱ्या विषाणूच्या, डोक्यात बसून आला (ट्रान्सडक्शन), फुटलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए ग्राहीने उचलला (ट्रान्सफॉर्मेशन), की दोन पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन आला (कॉन्ज्युगेशन)?

पाठ्यपुस्तकात 'डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाका आणि फिल्टर लावा' एवढ्यावर विषय संपतो. प्रत्यक्षात किती डीएनेज, कोणता फिल्टर, कोणते कंट्रोल, आणि उत्तर संदिग्ध आलं तर पुढे काय, हे इथे एकत्र लिहिलं जावं म्हणून धागा काढतो आहे. ट्रान्सडक्शन आणि कॉम्पिटंट पेशी (बाहेरचा डीएनए उचलायला तयार केलेल्या) यांत हमखास काय बिघडतं, तेही लिहा.

आगरथर

वाटेचा विचार करण्याआधी त्या कॉलन्या खरंच ग्राहीच्या आहेत का, ते बघा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं.

दाता एकटा आणि ग्राही एकटा, दोन्ही तेवढ्याच संख्येने त्याच दुहेरी औषधाच्या प्लेटवर पसरा. राइबोसोमच्या एस१२ प्रथिनातल्या बदलामुळे येणारा स्ट्रेप्टोमायसिन-प्रतिकार अब्जात एखाद्या पेशीत आपोआप उगवतो, त्यामुळे दात्याचा उत्परिवर्ती कॉलनी म्हणून उभा राहू शकतो. कॅनामायसिनच्या बाजूने धोका जास्त आहे. औषधाची मात्रा कमी ठेवली, म्हणजे मिलिलिटरला १०-१५ मायक्रोग्रॅम, तर अर्धवट प्रतिकार असलेले ग्राही उत्परिवर्ती बारीक कॉलन्या देतात. गुणसूत्रावरच्या एका प्रतीसाठी २५ ते ३०, प्लाझ्मिडसाठी (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वर्तुळ) ५० मायक्रोग्रॅम ठेवा.

शिवाय ग्राहीत एक तिसरी, औषधाशी संबंध नसलेली खूण हवी. लॅक्टोजची जीनमालिका खोडलेली असणं किंवा एखादं अमिनो आम्ल बनवता न येणं चालेल. प्रत्येक कॉलनी त्या खुणेवर तपासा, आणि कॅनामायसिनच्या जीनवर पीसीआर करा.

तुम्ही दिलेली दहा लाखांत एक ही वारंवारिता उत्परिवर्तनापेक्षा खूप वर आहे, त्यामुळे जीन खरंच आला असणार. फक्त या आकड्यावरून वाट कळत नाही. तिन्ही वाटा या टप्प्यात येऊ शकतात.

दुपदरी

डीएनेजबद्दल लिहितो, कारण ही कसोटी बहुतेक वेळा अर्धीच केली जाते.

डीएनेज १ हे एन्झाइम मॅग्नेशियमशिवाय काम करत नाही. माध्यमात ५ ते १० मिलिमोलर मॅग्नेशियम हवं, आणि सायट्रेट किंवा ईडीटीए नको. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम घ्या. दाता आणि ग्राही मिसळण्याआधी ते दोघांच्याही नळीत पाच मिनिटं असू द्या, मगच मिसळा. मिसळल्यानंतर टाकलं तर तोवर आत गेलेला डीएनए सुरक्षित असतो आणि कॉलन्या कमी होत नाहीत. मग निष्कर्ष उलटा निघतो. रात्रभराच्या प्रयोगात एन्झाइमची ताकद उतरते, म्हणून सहवास दोन-तीन तासांवर आणा, नाहीतर मध्ये पुन्हा डीएनेज घाला.

दोन कंट्रोल हवेतच. पहिला, ९५ अंशांवर १० मिनिटं तापवून निकामी केलेलं डीएनेज. दुसरा महत्त्वाचा: त्याच माध्यमात, तेवढ्याच पेशींच्या गर्दीत मुद्दाम शुद्ध डीएनए टाकून तो खरंच नष्ट होतो का ते पाहणं. एखादा सहज डीएनए उचलणारा जिवाणू हाताशी असेल तर फारच उत्तम. असिनेटोबॅक्टर बेलाय एडीपी१ यासाठी आदर्श आहे. रात्रभर वाढवलेलं ७० मायक्रोलिटर कल्चर १ मिलिलिटर ताज्या एलबीत (नेहमीचं पोषक माध्यम) टाकायचं, त्यात १०० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम डीएनए, आणि ३० अंशांवर तीन तासांपासून रात्रभर. जीनच्या दोन्ही बाजूंना ५०० ते १००० बेसजोड्यांचं साम्य असलं की तो गुणसूत्रात बसतो. डीएनेजच्या नळीत इथे शून्य कॉलन्या आल्या तरच तुमचं डीएनेज काम करतंय असं म्हणता येईल.

डीएनेजने कॉलन्या नाहीशा झाल्या तर उत्तर जवळपास पक्कं: उघडा डीएनए, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन. नाहीशा झाल्या नाहीत तर मात्र ट्रान्सडक्शन आणि कॉन्ज्युगेशन दोन्ही शिल्लक राहतात.

आगरथर

'शिल्लक राहतात' त्यात एक तिसरंही येतं. बऱ्याच ग्राम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातून बारीक पुटिका सुटतात. त्यांच्या आत डीएनए असू शकतो. त्याला डीएनेज पोचत नाही आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून त्या आरपार जातात. डीएनेजला न जुमानणारं आणि फिल्टरमधून जाणारं म्हणजे फाज, हे समीकरण म्हणूनच अपुरं आहे.

झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये साल्मोनेलात ट्रान्सडक्शन दाखवलं तेव्हा इंग्रजी यू आकाराची, मध्ये फिल्टर असलेली नळी वापरली होती. पेशी एकमेकींना भिडू शकत नव्हत्या, तरी जीन पलीकडे जात होता, आणि डीएनेजने त्यात फरक पडत नव्हता. पण तिथे ते थांबले नाहीत. जीन नेणारे कण पी२२ फाजच आहेत हे त्यांनी वेगळं सिद्ध केलं. आपणही तेच करायचं.

क्रम असा. दात्याचं कल्चर सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा द्रव ०.२२ च्या फिल्टरमधून काढा. पटल पीईएस किंवा पीव्हीडीएफचं घ्या, नायट्रोसेल्युलोजला फाज चिकटतात. या गाळलेल्या द्रवाचे तीन भाग करा. एकाला काहीच करू नका. दुसऱ्याला डीएनेज. तिसऱ्याला आधी क्लोरोफॉर्म, मग ते काढून टाकून डीएनेज. क्लोरोफॉर्मने पुटिकांचं मेद-आवरण फुटतं आणि आतला डीएनए डीएनेजच्या तावडीत येतो. पी१, पी२२, टी४, लॅम्डा हे शेपटीवाले फाज क्लोरोफॉर्म सहन करतात. तिसऱ्या भागातही जीन टिकला तर फाजची शक्यता फार वाढते.

अपवाद लक्षात असू द्या. तंतुमय एम१३, तसेच मेद असलेले पीआरडी१ आणि फाय६ क्लोरोफॉर्मने मरतात. अवाढव्य जीनोमचे काही फाज ०.२२ मध्ये अडकतात, त्यांच्यासाठी ०.४५ घ्या आणि उरलेले जिवाणू क्लोरोफॉर्मने मारा.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र ग्राहीकडून मिळतो. फाज ज्या रिसेप्टरला चिकटतो तोच नसलेला ग्राही वापरा. लॅम्डासाठी माल्टोज आत घेणारं लॅमबी प्रथिन, पी१ साठी बाह्य लिपोपॉलिसॅकराइडचा गाभा. गॅलयू जीन बिघडलेल्या ई. कोलायला पी१ चिकटत नाही. अशा ग्राहीत वारंवारिता कोसळली तर वाद संपतो.

सूक्ष्मतरंग

हे फार उपयोगी आहे. पण दात्यात कोणता फाज आहे हेच माहीत नसेल तर? आणि गाळलेल्या द्रवात फाज आहेत हे मोजायचं कसं?

कणमोजणी

जीनोम वाचलेला असेल तर प्रोफाज, म्हणजे जिवाणूच्या गुणसूत्रात दडलेले फाज, शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने ते दिसतात. ते जिवंत आहेत का, हे प्लेटच सांगते. दात्याच्या वाढत्या कल्चरला मायटोमायसिन सी द्या, मिलिलिटरला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम. डीएनएला इजा झाली की रेकए हे दुरुस्तीचं प्रथिन सक्रिय होतं, बहुतेक लॅम्डासारख्या प्रोफाजांचा दमनकारक तुटतो आणि दोन-चार तासांत कल्चर निवळतं. पी२ कुळातले फाज याला दाद देत नाहीत, त्यामुळे कल्चर निवळलं नाही म्हणजे फाज नाही असं समजू नका.

मोजणी दुहेरी आगर थराने. एसएम बफर: १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, आणि ०.०१ टक्के जिलेटिन. त्यात दहाच्या पटीत विरलन करा. १०० मायक्रोलिटर विरलन, २०० मायक्रोलिटर ताजा ग्राही, १०-१५ मिनिटं थांबा, मग ३ मिलिलिटर मऊ आगर घालून प्लेटवर ओता. मऊ आगर ०.५ ते ०.७ टक्के आणि तापमान ४५ ते ४८ अंश. ५५ ला ओतलं तर जिवाणू मरतात आणि थर विरळ येतो. ४२ च्या खाली गुठळ्या होतात. खालची प्लेट ओली असेल तर प्लाक (फाजने जिवाणू मारून थरात केलेले नितळ ठिपके) एकमेकांत मिसळतात, म्हणून झाकण उघडून १५-२० मिनिटं वाळवा.

३० ते ३०० प्लाकची प्लेट मोजा. दशलक्ष पट विरलनाच्या ०.१ मिलिलिटरमध्ये ८५ प्लाक आले तर मूळ द्रवात मिलिलिटरला ८५ कोटी फाज.

थेंबाच्या जागी नितळ वर्तुळ दिसलं म्हणजे फाज, ही घाई नको. कोलिसिनसारखी जिवाणूंनीच सोडलेली विषारी प्रथिनंही तेच दाखवतात. विरलन वाढवत न्या. फाज असेल तर शेवटी सुटे सुटे प्लाक दिसतात, कोलिसिन असेल तर वर्तुळ नुसतं पुसट होत जातं.

आणखी एक. प्लाक न देणारे कणही जीन नेऊ शकतात. मुळात ज्या कणात फाजच्या ऐवजी जिवाणूचा डीएनए भरला गेला, तो कण प्लाक देऊच शकत नाही. ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटसमधले जीन नेणारे कण तर प्रत्येकी साधारण ४ हजार बेसजोड्यांचाच तुकडा भरतात, आणि त्यांना स्वतःचा पूर्ण जीनोम एका कणात मावतच नाही. तिथे प्लाक शून्य आणि जीन-वहन भरपूर, असं चित्र दिसतं.

काचपट्टी

एक मूलभूत शंका. फाज डीएनए 'टोचतो' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा सगळा धक्का डोक्यातल्या दाबाचाच असतो का? आणि सगळेच फाज जिवाणूचा डीएनए का भरत नाहीत?

आगरथर

दाब खरा आहे. लॅम्डाचा ४८,५०२ बेसजोड्यांचा, साधारण १६ मायक्रोमीटर लांब डीएनए सुमारे ६० नॅनोमीटरच्या डोक्यात कोंबलेला असतो आणि आतला दाब काही दहा वातावरणांइतका जातो. प्रयोगनळीत बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलने तेवढाच परासरणी दाब दिला की डीएनए बाहेर येणं थांबतं. पण जिवाणूच्या आतही दाब असतो, त्यामुळे निव्वळ कोंबलेल्या दाबावर पूर्ण जीनोम आत जाण्याची अपेक्षा करता येत नाही.

इथे प्रत्येक फाजची तऱ्हा निराळी आहे, आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. टी७ चे सुरुवातीचे साधारण ८५० बेस फाजच्या स्वतःच्या प्रथिनांच्या आधारे आत येतात. उरलेला, एकूण ३९,९३७ बेसजोड्यांचा जीनोम आरएनए पॉलिमरेज ओढून घेतं, आधी जिवाणूचं, मग टी७ चं स्वतःचं. म्हणजे वाचन आणि प्रवेश एकाच वेळी चालतात. टी५ आधी फक्त ८ टक्के डीएनए आत सोडतो आणि थांबतो. त्या तुकड्यावरची प्रथिनं तयार झाली की मग बाकीचा येतो. टी४ मात्र जवळपास अर्ध्या मिनिटात मोकळा होतो.

ट्रान्सडक्शनचं उत्तर डोकं भरण्याच्या पद्धतीत आहे. पी२२ आणि पी१ 'पॅक' नावाच्या जागेवर डीएनए कापतात आणि डोकं भरेस्तोवर आत घेत राहतात. तशी, थोडी सैल जुळणारी जागा जिवाणूच्या गुणसूत्रावर सापडली की तिथून भरणं सुरू होतं. पी२२ च्या डोक्यात सुमारे ४४ हजार, पी१ च्या डोक्यात सुमारे १ लाख बेसजोड्या मावतात. पी२२ च्या एचटी प्रकारात ही निवड इतकी सैल झाली आहे की जवळपास अर्ध्या कणांत साल्मोनेलाचाच डीएनए असतो, म्हणून साल्मोनेलावर काम करणारे तोच वापरतात.

लॅम्डाला 'कॉस' नावाच्या दोन ठरावीक कापण्याच्या जागांमधला तुकडा लागतो आणि तो मूळ लांबीच्या ७८ ते १०५ टक्क्यांत बसावा लागतो. म्हणून तो सहसा फक्त शेजारचेच गॅल किंवा बायो जीन चुकून उचलतो. टी४ ही डोकं भरूनच कापतो, पण संसर्ग होताच जिवाणूच्या गुणसूत्राचे तुकडे करून टाकतो, त्यामुळे भरायला काही उरत नाही. त्याचे हे तुकडे करणारे जीन आणि डीएनएवरचा विशेष रासायनिक बदल बिघडवले की टी४ सुद्धा ट्रान्सडक्शन करतो.

२०१८ मध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये आणखी एक प्रकार दाखवला गेला. प्रोफाज गुणसूत्रातून सुटण्याआधीच प्रती काढू आणि भरू लागतो, आणि त्याच्या एका बाजूचे लाखो बेसजोड्यांपर्यंतचे जीन ओळीने, मोठ्या वारंवारितेने डोक्यांत जातात. तेव्हा दात्यात प्रोफाज असेल तर तो तुमच्या कॅनामायसिन जीनपासून किती दूर आणि कोणत्या बाजूला आहे, ते नकाशावर जरूर पाहा.

कणमोजणी

पी१ ट्रान्सडक्शनची पद्धत लिहून ठेवतो.

लायसेट (फाजने फोडलेल्या पेशींचा द्रव): दात्याचं रात्रीचं कल्चर शंभरपट विरळ करून एलबीत, त्यात ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.२ टक्के ग्लुकोज. ३७ अंशांवर ३०-४५ मिनिटं. ५ मिलिलिटरला १०० मायक्रोलिटर पी१ व्हिर, मिलिलिटरला साधारण अब्ज फाजचा. एक ते तीन तासांत द्रव निवळतो आणि तळाशी पेशींचा कचरा फिरताना दिसतो. क्लोरोफॉर्म काही थेंब, हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका.

ट्रान्सडक्शन: ग्राहीचं रात्रीचं १.५ मिलिलिटर कल्चर खाली बसवून त्याच्या अर्ध्या आकारमानात, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये मिसळा. १००-१०० मायक्रोलिटरच्या नळ्यांत लायसेट १, १० आणि १०० मायक्रोलिटर. एक नळी फक्त पेशींची, एक फक्त लायसेटची. ३० मिनिटं न हलवता. मग १ मिलिलिटर एलबी आणि १ मोलर सोडियम सायट्रेट २०० मायक्रोलिटर. एक तास ३७ अंशांवर. पेशी खाली बसवा, सायट्रेट असलेल्या १०० मायक्रोलिटर एलबीत घ्या आणि ५ मिलिमोलर सायट्रेटच्या औषधी प्लेटवर पसरा.

सायट्रेट का? पी१ ला चिकटायला कॅल्शियम लागतं. जीन घेतलेल्या पेशीच्या आसपास हजारो खरे फाज असतात आणि कॅल्शियम मोकळं राहिलं तर पुढच्या तासाभरात तेच तिला मारतात. कॉलन्या शून्य येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

दुसरं कारण, फाज जास्त होणं. पेशीमागे सरासरी एक फाज ठेवला तरी पॉइसां गणिताने २६ टक्के पेशींना दोन किंवा अधिक कण चिकटतात. ०.१ ठेवला तर अर्धा टक्का. जीन आणणाऱ्या कणासोबत खरा फाज शिरला की ती पेशी संपली. म्हणून तीन वेगवेगळी आकारमानं लावायची. १ मायक्रोलिटरच्या नळीत १०० मायक्रोलिटरच्या नळीपेक्षा जास्त कॉलन्या दिसल्या तर आश्चर्य मानू नका.

तिसरं: ग्राहीत रेकए नसणं. डीएच५अल्फा या ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्ये पी१ व्यवस्थित शिरतो, पण आणलेला रेषीय तुकडा गुणसूत्रात बसवायला रेकए लागतं आणि ते त्यात बिघडलेलं आहे.

आलेल्या कॉलन्या सायट्रेटच्या प्लेटवर दोनदा रेघा ओढून शुद्ध करा, नाहीतर फाज सोबत राहतो.

दुपदरी

उघड्या डीएनएच्या वाटेबद्दल एक गोष्ट ठळक करायला हवी. फाज आणि कॅल्शियमची उष्णता-धक्का पद्धत दुपदरी डीएनए आत नेतात. नैसर्गिकरीत्या डीएनए उचलणारे जिवाणू मात्र आतल्या पटलातून एकच पदर नेतात. बाहेर टाइप ४ प्रकारचा आखडणारा तंतू डीएनए पकडून ओढतो, कॉमईए हे प्रथिन त्याला धरतं, दुसरा पदर तोडला जातो आणि उरलेला कॉमईसीच्या मार्गिकेतून आत. न्यूमोकॉकसमध्ये हा दुसरा पदर तोडणारं एन्झाइम एंडए.

याचा व्यवहारात मोठा फरक पडतो. बॅसिलस सब्टिलिसला एकेरी प्लाझ्मिडचा शुद्ध नमुना दिला तर जवळपास काही मिळत नाही. एकच पदर, तोही तुकड्यांत आत जातो आणि वर्तुळ पुन्हा जुळवता येत नाही. एकामागे एक जोडलेल्या प्रतींचं, म्हणजे बहुगुणित प्लाझ्मिड लागतं. त्यासाठी प्लाझ्मिड रेकए शाबूत असलेल्या ई. कोलायमधून काढा. डीएच५अल्फामधून काढलेलं मुख्यतः एकेरीच असतं.

डीएनए उचलण्याची तयारी केव्हा येते हेही जातीनुसार बदलतं. न्यूमोकॉकस १७ अमिनो आम्लांचा सीएसपी संकेत सोडतो आणि जेमतेम अर्धा तास तयार असतो. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम कृत्रिम सीएसपी, पीएच ७.८ च्या आसपास, १ मिलिमोलर कॅल्शियम, १०-१२ मिनिटांनी डीएनए. डी३९ स्ट्रेनला सीएसपी-१ लागतो, टीआयजीआर४ ला सीएसपी-२. अदलाबदल केली तर काहीच होत नाही. बॅसिलसमध्ये अनुकूल स्थितीतही १० ते २० टक्केच पेशी तयार होतात, कारण कॉमके हे नियंत्रक प्रथिन स्वतःलाच वाढवतं आणि पेशी या नाहीतर त्या अवस्थेत जाते. व्हिब्रिओ कॉलरीला कायटिनचा पृष्ठभाग हवा. तिथे तो टाइप ६ यंत्रणेने शेजाऱ्याला फोडतो आणि त्याचाच डीएनए उचलतो.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी तर ओळखूनच घेतो. त्याच्या १८.३ लाख बेसजोड्यांच्या जीनोममध्ये एक ९ बेसचा क्रम सुमारे दीड हजार वेळा आहे. त्याच्या बेसप्रमाणावरून नुसत्या योगायोगाने तो दहाच्या आसपास वेळा यायला हवा. हा क्रम नसलेला डीएनए पृष्ठभागावर धरलाच जात नाही.

बर्फनळी

ई. कोलायच्या कॉम्पिटंट पेशींबद्दल मी लिहिते. मॅन्डेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये कॅल्शियम क्लोराइड आणि उष्णतेची पद्धत दिली, आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे.

ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.३५ च्या आसपास आला की कल्चर थेट बर्फात. ०.६ च्या पुढे गेलेल्या पेशींकडून अपेक्षा ठेवू नका. यापुढे सेंट्रिफ्यूज, बफर, पिपेटची टोकं, सगळं थंड. १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये पेशी हळुवार हलवून मिसळा, व्हॉर्टेक्स कधीही नाही. ५० ते १०० मायक्रोलिटर पेशी, १ ते १० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, डीएनएचं आकारमान पेशींच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. बर्फात ३० मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत बर्फात २ मिनिटं, ९०० मायक्रोलिटर एसओसी (पोषक माध्यम), ३७ अंशांवर तासभर हलवत. ४५ सेकंद हे पातळ भिंतीच्या १.५ मिलिलिटर नळीसाठी. जाड काचेच्या नळीला जास्त लागतात, आणि कोरड्या ब्लॉकमध्ये भोकात पाणी नसेल तर नळी तेवढी तापतच नाही.

कार्यक्षमता मोजल्याशिवाय पेशींना दोष देऊ नका. १०० पिकोग्रॅम पीयूसी१९, शेवटी १ मिलिलिटर, त्याचं दहापट विरलन, त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर. म्हणजे प्लेटवर १ पिकोग्रॅम. १५० कॉलन्या आल्या तर मायक्रोग्रॅमला १५ कोटी. एका मायक्रोग्रॅममध्ये या प्लाझ्मिडचे सुमारे ३४५ अब्ज रेणू असतात, म्हणजे इतक्या चांगल्या पेशींतही २,३०० रेणूंपैकी एकच कॉलनी देतो. साध्या कॅल्शियम पद्धतीला १० लाख ते १ कोटी हा समाधानकारक आकडा आहे.

ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके आले तर ते उचलू नका. बीटा-लॅक्टमेज बाहेर पसरून औषध मोडतं आणि प्रतिकार नसलेल्या पेशी तिथे वाढतात. १६ तासांवर थांबा किंवा कार्बेनिसिलिन घ्या. कॅनामायसिनसाठी तो एक तास गाळू नका, एन्झाइम तयार होण्याआधीच औषध राइबोसोमवर बसतं.

इलेक्ट्रोपोरेशनमध्ये ०.१ सेंटिमीटरच्या क्युव्हेटला १.८ किलोव्होल्ट, २५ मायक्रोफॅरड, २०० ओहम. यांचा गुणाकार ५ मिलिसेकंद, आणि यंत्राने ४.५ ते ५ दाखवलं पाहिजे. ठिणगी उडाली तर मीठ राहिलं. लायगेशनचं (डीएनएचे तुकडे जोडण्याचं) मिश्रण थेट घालू नका, शुद्ध करून पाण्यात घ्या. धक्क्यानंतर एसओसी लगेच, मिनिटभराचा उशीरही महागात पडतो.

काचपट्टी

डीएनए आत गेला, तरी कॉलनी नाही, असं किती वेळा होतं? आणि का?

आगरथर

खूपदा, आणि वाट ओळखण्यात गोंधळ होतो तो इथेच. आत आलेल्या रेषीय दुपदरी डीएनएवर ई. कोलायमध्ये रेकबीसीडी हे एन्झाइम तुटून पडतं. जीटीजीजीटीजीजी हा 'काय' (chi) नावाचा क्रम भेटेपर्यंत ते खात जातं. तो भेटला की वागणं बदलून रेकए चढवायला लागतं. ई. कोलायच्या के-१२ स्ट्रेनच्या गुणसूत्रावर असे हजाराच्या वर क्रम आहेत, त्यामुळे पी१ ने आणलेला मोठा तुकडा टिकतो आणि पीसीआरचा छोटा तुकडा नष्ट होतो. लॅम्डाचं गॅम प्रथिन रेकबीसीडीला अडवतं. डॅटसेन्को आणि वॉनर यांची २००० सालची जीन खोडण्याची पद्धत यावरच उभी आहे, तिथे ३६ ते ५० बेसचं साम्यही पुरतं.

दुपदरी

वरच्या प्रतिसादात 'काय' क्रमाचं दुसरं अक्षर टंकताना गेलं आहे. तो जीसीटीजीजीटीजीजी, आठ बेसचा.

निर्बंध एन्झाइमांचं (परका डीएनए कापणाऱ्या) राहिलं. के-१२ चं इकोकेआय हे एन्झाइम, मेथिलची खूण नसलेल्या लॅम्डाची यशस्विता दहा हजारांत एकापर्यंत खाली आणतं. म्हणून डीएच५अल्फासारख्या स्ट्रेनमध्ये हे कापणारं अंग बिघडवलेलं असतं. दुसऱ्या प्रजातीत प्लाझ्मिड जात नसेल तर ते डॅम आणि डीसीएम ही मेथिल लावणारी एन्झाइमं नसलेल्या ई. कोलायमधून काढून पाहा, काही जिवाणू मेथिल लागलेलाच डीएनए कापतात. टी७ आत शिरताच ओसीआर प्रथिन बनवतो. ते डीएनएसारखं दिसून टाइप १ एन्झाइमांना गुंतवून ठेवतं. एकेरी पदराला बहुतेक निर्बंध एन्झाइमं कापत नाहीत, पण दुसरा पदर तयार झाल्यावर धोका येतो. न्यूमोकॉकसच्या डीपीएन२ व्यवस्थेत त्यासाठी एकेरी पदरावरच मेथिल लावणारं डीपीएनए हे वेगळं एन्झाइम आहे, आणि ते डीएनए उचलण्याच्या काळातच तयार होतं.

सूक्ष्मतरंग

समजा सगळ्या कसोट्या केल्या आणि डीएनेजने कॉलन्या निम्म्याच कमी झाल्या. मग?

कणमोजणी

मग दोन वाटा एकाच वेळी चालू असण्याची शक्यता धरा आणि आलेल्या तुकड्याची लांबी मोजा. दाता आणि ग्राही यांच्या क्रमांत पुरेसे फरक असतील तर डीएनेज असलेल्या आणि नसलेल्या प्लेटवरच्या प्रत्येकी आठ-दहा कॉलन्यांचा पूर्ण जीनोम वाचा. कॅनामायसिन जीनच्या दोन्ही बाजूंना दात्याचा क्रम कुठपर्यंत जातो ते पाहा. फाजने आणला असेल तर एकसलग तुकडा आणि लांबीला डोक्याची कमाल मर्यादा: पी२२ ला ४४ हजार, पी१ ला लाखभर. गुणसूत्रात बसलेल्या एफ घटकाने (पेशी जोडून डीएनए पाठवणारं प्लाझ्मिड) ओढून आणला असेल तर काही लाख बेसजोड्याही येतात. उघड्या डीएनएतून आलेले तुकडे सहसा लहान असतात, मध्येमध्ये ग्राहीचा क्रम दिसतो, आणि गुणसूत्रावर दूर कुठेतरी दुसराच एखादा तुकडाही बसलेला सापडतो.

जीनोम वाचणं शक्य नसेल तर कॅनामायसिनपासून वेगवेगळ्या अंतरावरच्या दोन-तीन खुणा पीसीआरने तपासा. पी१ साठी सोबत येण्याचं प्रमाण, अंतराला लाखाने भागून, एकातून वजा करून त्याचा घन: १० हजार बेसजोड्यांवर ७३ टक्के, ५० हजारांवर साडेबारा, ८० हजारांवर एक टक्क्याहून कमी. डीएनेजच्या प्लेटवरच्या कॉलन्या या वक्रावर बसल्या आणि बिनडीएनेजच्या प्लेटवर जवळच्या खुणेचंही प्रमाण घसरलेलं दिसलं, तर निम्मा हिस्सा फाजचा आणि निम्मा उघड्या डीएनएचा. दोन्ही प्लेटवरच्या प्रत्येकी किमान शंभरेक कॉलन्या तपासा, वीसेक कॉलन्यांवर ७३ आणि ५५ टक्क्यांतला फरक खात्रीने दिसत नाही.